विजेचा बाजार आणि नगरपालिका

भिंतीवरील बटण दाबलें कीं दिवा लागतो. परंतु त्या दिव्याची वीज कोळशाची, पाण्याची कीं वाऱ्याची, हें दिव्याकडे पाहून कोणासहि सांगतां येत नाहीं. दुधांत पाणी असेल तर तें जिभेला कळतें, धान्यांत खडे असतील तर ते दातांना कळतात. विजेची पारख करण्यास मात्र गृहिणीजवळ कोणतेंच साधन नाहीं. कोळशाचा धूर वीजघराभोवती राहणाऱ्यांच्या छातींत जातो आणि त्यांतील कर्बवायु साऱ्या पृथ्वीचें हवामान तापवितो. बिल एकानें भरावें आणि दुखणें दुसऱ्यानें भोगावें, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच स्वच्छ विजेचा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नसून नागरिकत्वाचाहि आहे.

पूर्वीं वीज निर्माण करणारी, ती तारांतून आणणारी आणि बिल वसूल करणारी कंपनी बहुधा एकच असे. अमेरिकेंतील कांहीं राज्यांनीं विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत ही मक्तेदारी सैल केली. खांब आणि तारा जुन्या कंपनीकडेच राहिल्या. वीज मात्र ग्राहकानें आपल्या पसंतीच्या विक्रेत्याकडून घ्यावी, असें ठरलें. कॅलिफोर्नियानें असा कायदा १९९६ सालीं केला व १९९८ सालीं बाजार खुला केला. मॅसॅच्युसेट्सचा कायदा १९९७ सालचा. स्पर्धा आली म्हणजे भाव उतरतील आणि ज्याला स्वच्छ वीज हवी त्याला ती मिळेल, अशी त्यामागें अपेक्षा होती.

प्रत्यक्षांत काय झालें? मोठ्या कारखानदारास विक्रेते शोधीत आले. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाकडे कोण येणार? एका घराची वीज ती केवढी, आणि तिच्यावरील नफा तो केवढा! शिवाय करारांतील बारीक अक्षरें वाचण्यास गृहस्थाला सवड कोठें? घरगुती ग्राहकांपैकीं फारच थोड्यांनीं विक्रेता बदलला. निवडीचा हक्क कागदावर मिळाला, पण तो बजावण्याचें बळ एकेकट्या घराजवळ नव्हतें.

येथें नगरपालिकेचें काम सुरू होतें. आपल्याकडे एखाद्या आळींतील दहा घरें मिळून वर्षाचें धान्य घेतात, तेव्हां व्यापारी त्यांना भाव वेगळा लावतो आणि मालहि निवडून देतो. तेंच तत्त्व विजेला लावलें. गांवांतील सर्व घरांची व दुकानांची मागणी नगरपालिकेनें एकत्र करावयाची आणि सर्वांच्या वतीनें विजेचा सौदा करावयाचा. वीज येते त्याच जुन्या तारांतून. तार तुटली तर दुरुस्तीस येतो तोहि जुन्याच कंपनीचा माणूस. बदलतो तो फक्त विजेचा खरेदीदार. यांतील मर्माची गोष्ट अशी कीं, गांवानें योजना स्वीकारली म्हणजे प्रत्येक घर तींत आपोआप समाविष्ट होतें. ज्यास नको असेल त्यानें तसें कळवून बाहेर पडावें; त्याचा हक्क अबाधित राहतो. माणसाचा आळस जो पूर्वीं जुन्या कंपनीच्या कामीं येई, तो आतां गांवाच्या कामीं येतो!

मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड आणि मार्थाज व्हिनियार्ड येथील २१ गांवांनीं १९९७ सालीं असा संघ स्थापन केला. वीजखरेदीबरोबरच घरांतील विजेची उधळपट्टी थांबविण्याच्या योजनाहि त्यानें चालविल्या. न वापरलेल्या युनिटाहून स्वच्छ युनिट दुसरें नाहीं, हें त्यानें ओळखलें होतें.

कॅलिफोर्नियाची कथा अधिक बोधप्रद आहे. २००० व २००१ सालीं तेथील खुला बाजार कोसळला. घाऊक विजेचे भाव भडकले, व्यापाऱ्यांच्या लबाडीनें त्यांत भर घातली, शहरें आळीपाळीनें अंधारांत गेलीं आणि एप्रिल २००१ मध्यें पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक या बलाढ्य कंपनीनें दिवाळखोरीचा अर्ज केला. त्याच वर्षीं नव्या ग्राहकांना स्वतंत्रपणें विक्रेता निवडण्याची मनाई झाली. परंतु २००२ सालीं विधिमंडळानें दुसरें दार उघडलें: एकट्या ग्राहकास नव्हे, तर नगरांना व परगण्यांना आपल्या रहिवाशांसाठीं वीज खरेदी करण्याचा अधिकार दिला.

सान फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस, गोल्डन गेटच्या पलीकडे असलेल्या मरीन परगण्यानें हा अधिकार प्रथम वापरला. त्याच्या संस्थेनें मे २०१० मध्यें वीज देण्यास आरंभ केला. जुन्या कंपनीनें तेव्हां राज्यभर लोकमतासाठीं एक प्रस्ताव मांडला होता. अशी योजना सुरू करण्यापूर्वीं स्थानिक मतदारांपैकीं दोनतृतीयांशांची संमति घेतलीच पाहिजे, असा त्याचा आशय. वरवर पाहतां ही लोकशाहीची चाड. परंतु एवढें बहुमत मिळविणें किती कठीण, हें कोणाहि नगरसेवकास विचारावें. कंपनीनें या प्रचारावर सुमारें ४ कोटि ६० लक्ष डॉलर खर्च केले. विरोधकांजवळ त्या मानानें पैसा नाममात्र होता. ८ जून २०१० रोजीं मतदान झालें आणि शेंकडा ५२ हून अधिक मतदारांनीं प्रस्ताव फेटाळला. त्यानंतर सोनोमा परगण्यानें २०१४ सालीं हीच वाट धरली, आणि पुढें राज्यांत अशा संस्थांची संख्या वीसहून अधिक झाली.

तथापि केवळ विक्रेता बदलल्यानें वीज स्वच्छ होत नाहीं. वाऱ्यावर किंवा सूर्यप्रकाशावर वीज तयार झाली कीं तिचें एक प्रमाणपत्र निघतें, आणि तें विजेहून वेगळें विकतां येतें. एखादें नगर नेहमींचीच वीज घेऊन दूरच्या पवनचक्कीचीं प्रमाणपत्रें तेवढीं विकत घेऊं शकतें. यानें हिशेबाची वही स्वच्छ होते. नवी पवनचक्की उभी राहतेच असें नाहीं. ती उभी राहण्यास दहा-पंधरा वर्षांचा खरेदीचा करार लागतो, कारण त्याच्या भरंवशावरच सावकार कर्ज देतो. हें जाणून कॅलिफोर्नियानें २०१५ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, २०२१ पासून विक्रेत्यांच्या सक्तीच्या स्वच्छ खरेदीपैकीं शेंकडा ६५ भाग दहा किंवा अधिक वर्षांच्या करारांचा असावा. रिचमंड नगरांत तेलशुद्धीकरण कारखान्याच्या पूर्वीं दूषित झालेल्या जमिनीवर मरीनच्या संस्थेसाठीं १०.५ मेगावॉटचें सौरकेंद्र उभें राहिलें, तें अशाच दीर्घ दृष्टीचें फळ होय.

उलट उदाहरण शिकागोचें. तेथील नागरिकांनीं नोव्हेंबर २०१२ मध्यें मत देऊन सामुदायिक खरेदी स्वीकारली आणि नगरानें कोळशाची वीज न घेण्याची अट घातली. परंतु योजनेचें मुख्य आकर्षण स्वस्ताई हें होतें. जुन्या कंपनीचे दर उतरतांच तें आकर्षण ओसरलें आणि २०१५ सालीं योजना बंद पडली. स्वस्ताईच्या पायावर उभारलेलें स्वच्छतेचें घर भाव फिरतांच हलतें, हा त्यांतील धडा.

आणखी एक अडचण न्यायाची आहे. जुन्या कंपनीनें सर्वांसाठीं म्हणून महाग करार केलेले असतात. अर्धे ग्राहक उठून गेले तर तें ओझें मागें राहिलेल्यांच्या डोक्यावर पडेल. म्हणून कॅलिफोर्नियांत जाणाऱ्यांकडूनहि त्याचा वांटा घेतला जातो. तो किती असावा यावर भांडण चालतें. पण तो असूंच नये असें म्हणणें योग्य होणार नाहीं. शेजाऱ्याच्या खिशांतून दिलेलें पुण्य पदरीं पडत नाहीं.

नगरपालिकेनें विजेच्या धंद्यांत शिरावें ही कल्पना मुंबईकरांना परकी नाहीं. ७ ऑगस्ट १९४७ रोजीं मुंबई महानगरपालिकेनें वीज व ट्रॅमची कंपनीच आपल्या ताब्यांत घेतली. आज भारतांत घराघराची मागणी एकत्र करण्याची अमेरिकेसारखी सोय नसली, तरी २०२२ च्या केंद्रीय नियमांनीं स्वच्छ वीज थेट विकत घेण्याची मर्यादा १ मेगावॉटवरून १०० किलोवॉटवर आणली आहे. नगरपालिकेचे पाण्याचे पंप, मोठीं रुग्णालयें आणि कचेऱ्या ह्या स्वतःच मोठ्या गिऱ्हाईक आहेत. दुसऱ्यास उपदेश करण्यापूर्वीं त्यांचा सौदा काय आहे हें पाहावें.

बाजार खुला झाला म्हणजे नागरिक आपोआप मोकळा होत नाहीं. एकट्या गिऱ्हाइकास बाजारांत फक्त भाव विचारतां येतो. गांव एकत्र आलें तर त्यास मालाची जात विचारतां येते. नगरपालिकेच्या निवडणुकींत मत मागावयास येणाऱ्यास रस्ता, नळ व गटारें यांविषयीं आपण विचारतोंच. त्या यादींत आणखी एक प्रश्न घालावा: आमच्या गांवचे दिवे कशावर जळतात, आणि तें बदलण्यासाठीं आपण कोणता करार, किती वर्षांचा करणार?