आरंभींचें अमेरिकन वाङ्मय : श्रद्धा आणि वक्तृत्व

वाङ्मयाचा आरंभ म्हटला कीं, वीरगाथा, ओव्या किंवा देवतांचीं स्तोत्रें डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेंत इंग्रजी भाषेंत जें वाङ्मय निर्माण झालें, त्याचा पाया मात्र मुख्यतः प्रवचनांनीं, पत्रकांनीं आणि अर्जांनीं घातला. त्या भूमीच्या मूळ रहिवाशांच्या कथा व गीतें त्याच्या कित्येक शतकें आधीं लोकांच्या मुखीं होतीं, हें खरें. परंतु समुद्र ओलांडून आलेल्या वसाहतवाल्यांनीं जें लिहिलें, तें बहुतांशीं मनोरंजनासाठीं नव्हे, तर कोणाचें तरी मन वळविण्यासाठीं लिहिलें. म्हणून या वाङ्मयापुढें पहिला प्रश्न ‘हें किती सुंदर आहे?’ असा नसून ‘हें कोणाला उद्देशून आहे?’ असा विचारावा लागतो.

इ. स. १६३० मध्यें ‘आर्बेला’ या जहाजांतून प्यूरिटन पंथाचे लोक मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याकडे निघाले. त्यांचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप हा धंद्यानें वकील होता, धर्मोपदेशक नव्हे. तरी त्या प्रवासाच्या निमित्तानें त्यानें आपल्या सोबत्यांसाठीं एक प्रवचन रचलें. तें १८३८ पर्यंत छापलेंही गेलें नव्हतें. पण त्या समाजाची मूळ श्रद्धा त्यांत स्वच्छ दिसते. ईश्वर आणि हा जनसमूह यांच्यामध्यें एक करार झाला आहे, ही ती श्रद्धा. करार पाळला तर भरभराट. मोडला तर ईश्वरी कोप, आणि शिवाय जगांत नाचक्की. डोंगरमाथ्यावरील नगर जसें कोणापासून लपत नाहीं, तसें आपलें वर्तन सर्व जगाला दिसणार आहे, ही बायबलांतील उपमा विन्थ्रॉपनें येथें योजिली. करार म्हटला कीं अटी आल्या, आणि अटी आल्या कीं त्यांवर बोट ठेवून जाब विचारणेंही आलें. पुढील दोन शतकांतील अमेरिकन वक्तृत्वाचें बळ या एका कल्पनेंत सांठविलेलें आहे.

या श्रद्धेला साजेशी भाषाही घडली. प्यूरिटन उपदेशक विद्वान होते. हार्वर्ड विद्यालयाची स्थापना त्यांच्या वसाहतीनें १६३६ सालींच केली. तरीही व्यासपीठावर पांडित्य मिरविणें ते कमीपणाचें मानीत. सत्य शेतकऱ्याला व कारागिराला कळलें पाहिजे, यासाठीं त्यांनीं साधी शैली स्वीकारली. त्यांच्या प्रवचनाचा सांचा ठरलेला असे : प्रथम बायबलांतील वचन, मग त्यांतून निघणारा सिद्धांत, त्यानंतर त्याचीं कारणें, आणि शेवटीं ‘उपयोग’, म्हणजे ऐकणाऱ्यानें या सिद्धांताचें आपल्या आयुष्यांत काय करावयाचें याचा उलगडा. १६४० मध्यें केंब्रिज या गांवीं स्तोत्रांचें जें भाषांतर छापलें गेलें, तें त्या वसाहतींत छापलेलें पहिलें पुस्तक होय. लालित्यापेक्षां मूळाशीं इमान राखणें आम्हांस अधिक मोलाचें वाटलें, असा त्याच्या प्रस्तावनेचा आशय आहे.

या पद्धतीचें सर्वांत गाजलेलें उदाहरण म्हणजे जोनाथन एडवर्ड्‌स यानें ८ जुलै १७४१ रोजीं एन्फील्ड येथें दिलेलें प्रवचन. ‘संतप्त ईश्वराच्या हातीं सांपडलेले पापी’ अशा अर्थाचें त्याचें नांव आहे. एडवर्ड्‌स हा आरडाओरडा करणारा वक्ता नव्हता. तरी तेथें हजर असलेल्या स्टीफन विल्यम्स या उपदेशकानें आपल्या रोजनिशींत लिहून ठेविलें कीं, श्रोत्यांचा आक्रोश इतका वाढला कीं प्रवचन मध्येंच थांबवावें लागलें. याचें रहस्य प्रवचनाच्या रचनेंत आहे. पूर्वार्धांत एडवर्ड्‌स प्राचीन इस्रायली लोकांविषयीं व सामान्यतः दुष्टांविषयीं बोलतो; ऐकणारा निश्चिंत असतो, कारण गोष्ट दुसऱ्याची आहे. ‘उपयोगा’चा भाग येतांच ‘ते’ या शब्दाची जागा ‘तुम्ही’ हा शब्द घेतो. मग आगीवर धरलेला कोळी दुसरा कोणी राहत नाहीं. बांकावर बसलेला प्रत्येक जण तो होतो.

भयानें मन हलतें. पण तें किती काळ हललेलें राहतें, ही शंकाच असते. पुढच्या पिढीनें हीच साधी शैली उचलली आणि तिला भयाऐवजीं हक्काची जोड दिली. इंग्लंडांत अबकारी खात्यांतून बडतर्फ झालेला थॉमस पेन १७७४ च्या अखेरीस फिलाडेल्फियाला आला, आणि १० जानेवारी १७७६ रोजीं त्याचें ‘कॉमन सेन्स’ हें चोपडें निनांवी प्रसिद्ध झालें. इंग्लंड ही आपली माता आहे, असें म्हणणाऱ्यांना त्याचें उत्तर होतें कीं, मग तर तिच्या वर्तनाची लाज अधिकच वाटली पाहिजे. कारण पशूदेखील आपलीं पिलें खात नाहींत. राजसत्तेचें खंडन करतांना त्यानें बायबलांतील शमुवेलाची कथा पानेंच्या पानें वापरली. विशेष हें कीं, याच पेननें १७९४ मध्यें ‘दि एज ऑफ रीझन’ लिहून बायबलाच्या प्रामाण्यावरच हल्ला चढविला. ज्या वाचकाच्या घरीं एकच पुस्तक असण्याचा संभव, त्याच्याशीं त्याच पुस्तकाच्या भाषेंत बोलावें, हें त्यानें ओळखलें होतें.

त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं मान्य झालेला स्वातंत्र्याचा जाहीरनामा हाही रचनेनें त्या जुन्या प्रवचनाचाच भाऊबंद दिसतो. आरंभीं सिद्धांत : सर्व माणसें जन्मतः समान असून कांहीं हक्क त्यांच्यापासून हिरावून घेतां येत नाहींत. मग राजाविरुद्ध २७ गाऱ्हाणीं, आणि शेवटीं ‘उपयोग’ : म्हणून आम्ही स्वतंत्र. परंतु या ठिकाणीं या वाङ्मयाचें मोठें व्यंगही उघडें पडतें. टॉमस जेफर्सनच्या मसुद्यांत गुलामांच्या व्यापाराबद्दल राजाला दोष देणारा परिच्छेद होता, तो काँग्रेसनें गाळला. आणि स्वतः जेफर्सननें आयुष्यभरांत ६०० हून अधिक माणसें गुलाम म्हणून बाळगलीं.

तरीही लिहिलेला शब्द लिहिणाऱ्याच्या ताब्यांत राहिला नाहीं. जानेवारी १७७७ मध्यें प्रिन्स हॉल व त्याचे कृष्णवर्णीय सोबती यांनीं मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडे अर्ज केला आणि जाहीरनाम्यांतील तोच सिद्धांत गुलामांच्या वतीनें मांडला. १९ ऑगस्ट १७९१ रोजीं मेरीलंडमधील बेंजामिन बॅनेकर या स्वतंत्र कृष्णवर्णीय ज्योतिर्गणितज्ञानें आपल्या पंचांगाच्या हस्तलिखितासह जेफर्सनला पत्र धाडलें. पत्रांत शिवीगाळ नाहीं, दीनवाणी याचनाही नाहीं. ज्या वेळीं इंग्लंडचें जूं तुमच्या मानेवर होतें, त्या वेळीं तुम्ही काय लिहिलें होतें, एवढेंच त्यानें आठवून दिलें आणि जेफर्सनचाच सिद्धांत त्याच्यापुढें ठेवला. जेफर्सननें ११ दिवसांनीं सभ्यपणें उत्तर दिलें, पंचांग पॅरिसच्या विज्ञान-अकादमीच्या चिटणिसाकडे पाठवीत असल्याचें कळविलें. पण गुलामांच्या मुक्ततेसाठीं कांहीं करण्याचें वचन मात्र दिलें नाहीं. पुढें १८४८ मध्यें सेनेका फॉल्स येथें जमलेल्या स्त्रियांनीं त्याच जाहीरनाम्याच्या सांच्यांत आपलीं गाऱ्हाणीं ओतलीं. गुलामगिरी कायद्यानें नष्ट झाली ती १८६५ मध्यें, आणि तीही भयंकर यादवीनंतर. सुंदर वाक्यानें अन्याय आपोआप दूर होत नाहीं, याची ही साक्ष आहे.

मात्र असें वाक्य अन्याय करणाऱ्याला सुखानें झोंपूं देत नाहीं, आणि तें दूरवरही पोंचतें. पुण्यांत जोतीराव फुले यांनीं तरुणपणीं पेनचा ‘राइट्स ऑफ मॅन’ हा ग्रंथ वाचला, आणि १८७३ मध्यें प्रसिद्ध केलेलें ‘गुलामगिरी’ हें पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सज्जनांना अर्पण केलें. तें पुस्तकही संवादरूप असून साध्या बोलींत लिहिलेलें आहे. तेंही ऐकणाऱ्याला जाब विचारतें.

विन्थ्रॉपला जो करार जहाजांतील मूठभर लोकांपुरता वाटला, त्यावर बोट ठेवणारे लोक असे पिढ्यान् पिढ्या निघत गेले. ‘सर्व माणसें’ हे शब्द ज्यांनीं लिहिले, त्यांना त्यांचा पुरता अर्थ कळला नव्हता, किंवा कळूनही पेलवला नव्हता. तो अर्थ, ज्यांना त्या शब्दांतून वगळलें होतें, त्यांनींच वाचून दाखविला.