शिडाच्या नौकेतील कॉकपिट

शिडाच्या नौकेत सुकाणू धरणारा खलाशी जिथे बसतो, त्या डेकवरच्या खोलगट, उघड्या जागेला कॉकपिट म्हणतात. शिडांचे दोर, ते ताणायचे विंच, होकायंत्र इथे हाताशी असतात. केबिनचे दारही इथेच उघडते. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली 56 फुटी ‘म्हादेई’ ही शिडाची नौका 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. तिच्यावरून दिलीप दोंदे यांनी 2009-10 मध्ये चार ठिकाणी थांबत, तर अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये कुठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा सफरीत कॉकपिटची रचना हा जिवाचा प्रश्न असतो. एकटा खलाशी पाण्यात पडला, तर स्वयंचलित सुकाणूवर नौका पुढे निघून जाते. तिला वळवून आणायला कोणी नसते.

बंदरात ऐसपैस कॉकपिट सुखाचे वाटते. भर समुद्रात तेच घातक ठरू शकते. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि अर्धा मीटर खोल जागा लाटेने भरली, की टनाहून अधिक पाणी नौकेत बसते. मागचा भाग दबतो आणि पुढची लाट सहज आत येते. म्हणून कॉकपिट आटोपशीर असावे आणि त्याचा तळ बाहेरच्या पाण्यापेक्षा उंच असावा, म्हणजे पाणी आपोआप वाहून जाते. नौका वाऱ्याने कलते तेव्हा पाणी एका कोपऱ्यात साचते. त्यामुळे निचऱ्याची भोके कोपऱ्यांत आणि चांगली रुंद हवीत. दोराचे एक टोक अडकले तरी भोक तुंबते.

सर्वांत नाजूक जागा केबिनच्या दाराची. ऑगस्ट 1979 मध्ये फास्टनेट या शिडाच्या नौकांच्या शर्यतीला 303 नौका निघाल्या आणि वादळात 15 स्पर्धक दगावले. नौका उलटताना दार बंद करणाऱ्या फळ्या खाचेतून निसटल्या आणि केबिनमध्ये पाणी शिरले, असे काही नौकांवर घडले. फळ्यांना आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडता येईल अशी कडी हवी. शिवाय फळी दोरीने नौकेला बांधलेली हवी. दाराचा उंबरठाही उंच पाहिजे. वर-खाली करताना तो ओलांडायचा त्रास होतो, पण तो सोसलेलाच बरा.

त्याच वादळात काही खलाशांचे हार्नेस, म्हणजे त्यांना नौकेला बांधून ठेवणारे पट्टे, तुटले. हार्नेसचा दोर अडकवायची कडी नौकेच्या भक्कम भागात, दाराजवळच बसवावी लागते. केबिनमधून बाहेर पाऊल टाकण्याआधी खलाशी तिला दोर अडकवतो आणि आत उतरल्यावरच सोडतो. 2024-25 मध्ये ‘तारिणी’ या नौकेवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या दिलना के. आणि रूपा ए. या नौदल अधिकारी दोघीच होत्या. एक झोपली, की दुसरी कॉकपिटमध्ये एकटी. तिच्यासाठी सुकाणूपासून विंचपर्यंत, कडी न सोडता हात पोचेल एवढ्याच दोराची गरज असते. दोर त्याहून लांब असला, तर पडलेला माणूस नौकेबाहेर लोंबकळतो.