नौकेची गाडी आणि तिचे ब्रेक



भरलेली बैलगाडी घाट उतरताना ज्यांनी पाहिली असेल, त्यांना आजच्या विषयाचे निम्मे मर्म ठाऊकच आहे. चढणीवर बैल गाडी ओढतात; उतरणीला लागताच गाडीच बैलांच्या अंगावर येऊ लागते. जू मानेवरून पुढे सरकते, बैल पाय रोवून मागे रेटतात आणि गाडीवान चाकाला अटकाव करण्याची धडपड करतो. ओढणाऱ्याने थांबावयाचे ठरविले, म्हणून ओढले जाणारे ओझे थांबत नाही. मोटारीमागे जोडलेल्या ट्रेलरलाही हाच नियम लागू पडतो.

अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये अनेक कुटुंबे आपली लहानशी शिडाची अथवा यंत्राची नौका घराशेजारी ठेवतात. सुटीच्या दिवशी ती ट्रेलरवर चढवून सरोवराच्या किंवा समुद्राच्या काठी नेतात. तेथे पाण्यात उतरत गेलेला पक्का उतार बांधलेला असतो. त्यावरून मोटार उलटी चालवीत ट्रेलर पाण्यात नेला की नौका तरंगू लागते. सोय मोठी आहे खरी. परंतु तिची किंमत ट्रेलरच्या ब्रेकना मोजावी लागते.

प्रथम वजनाचा हिशोब पाहू या. समजा, मोटार दीड टनाची आहे आणि नौकेसह ट्रेलर एक टनाचा आहे. ट्रेलरचे ब्रेक निकामी असतील, तर अडीच टनांचा भार एकट्या मोटारीच्या ब्रेकनी थांबवावयाचा. म्हणजे त्यांच्यावर दोनतृतीयांश काम अधिक पडले. त्यातच वेग ताशी ४० किलोमीटरऐवजी ८० असेल, तर थोपवावयाची गतिशक्ती दुप्पट नव्हे, चौपट होते. वळणावर असे घडले, तर मागचा भार मोटारीची पाठ बाजूला ढकलून तिला आडवी करू शकतो. म्हणूनच ब्रिटनमध्ये एकूण कमाल वजन ७५० किलोंहून अधिक असलेल्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असावेच लागतात. नौकेतील इंधन, नांगर, सामानसुमान आणि साचलेले पावसाचे पाणी यांचीही गणना या वजनात करावयास हवी. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो ओझे, हे विसरून चालणार नाही.

हे ब्रेक लागतात तरी कसे? अनेक ट्रेलरांत चालकाच्या पायाचा त्यांच्याशी थेट संबंध नसतो. मोटार मंदावली की ट्रेलर तिच्यावर रेलतो, जोडणीतील सरकता दांडा आत दाबला जातो आणि तो दाब तारेने अथवा तेलाच्या नळीने चाकांपर्यंत पोचून ब्रेक लागतात. गाडी बैलांच्या अंगावर येते, त्याच रेट्याचा येथे युक्तीने उपयोग केला आहे. युक्ती चतुर असली, तरी तिच्यात एक उणीव आहे. ट्रेलरचे ब्रेक बिघडले, तरी चालकाच्या पायाखालच्या ब्रेकचा दाब पूर्वीसारखाच लागतो. बिघाड मुका राहतो आणि बोलतो तो ऐन संकटाच्या क्षणी.

या मुक्या बिघाडाची कारणे मात्र अगदी साधी आहेत. पहिले कारण खारे पाणी. ते ब्रेकच्या ड्रममध्ये शिरून राहते, आतील लोखंड गंजते आणि सांधे आखडतात. दुसरे कारण उतावीळपणा. दूरच्या प्रवासाने तापलेली चाके थेट थंड पाण्यात बुडविली की चाकाच्या तुंब्यातील हवा आकसते आणि बाहेरचे पाणी आत ओढून घेते. त्यामुळे वंगण बिघडते व बेअरिंग झिजू लागतात. तिसरे कारण ब्रेकचे तेल. नेहमीच्या प्रकारचे हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट ३ या प्रतीचे नवे तेल निदान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, अशी अपेक्षा असते; ओलावा मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापून तेल उकळले की त्यात वाफ होते; वाफ दाबली जाते आणि चाकांवर जोर पोचतच नाही. चौथे कारण केवळ विस्मृतीचे. ट्रेलर मागे रेटताना ब्रेक आपोआप लागू नयेत, म्हणून काही ट्रेलरांत सरकता दांडा खिळीने अडकवितात. ती काढावयाची राहिली, तर ब्रेक शाबूत असूनही नसल्यासारखेच!

उपायही असेच साधे आहेत. पाण्यात उतरण्यापूर्वी चाके निवू द्यावी. बाहेर आल्यावर ती, ब्रेकसह, गोड्या पाण्याने भरपूर धुवावी. ट्रेलर दीर्घकाळ उभा ठेवावयाचा असेल, तर सपाट जागी चाकांना लाकडी ठोकळे लावून हातब्रेक मोकळा सोडावा; नाहीतर आतील ब्रेकपट्ट्या गंजून ड्रमला चिकटतात. तेल ठरलेल्या मुदतीत बदलावे. ट्रेलर सुटलाच, तर ब्रेक ओढणारी पोलादी तार असते. ती दर खेपेला नीट अडकविली आहे की नाही, हे पाहावे. निघाल्यावर रिकाम्या रस्त्यावर, मंद वेगात एकदा थांबून पाहावे. ट्रेलर मागून ढुशी देत असेल, एका बाजूस ओढत असेल किंवा एकच चाक जास्त तापून जळका वास येत असेल, तर पुढे जाऊ नये. तापलेल्या चाकावर पाणी मात्र ओतू नये. त्याने ड्रमला तडा जाऊ शकतो. वाटेतच दोष ध्यानात आला, तर खालचा गिअर टाकावा, पुढच्या वाहनापासून अंतर वाढवावे आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे.

आपल्यापैकी फारच थोड्यांच्या दारी अशी नौका असेल. तथापि बेळगाव-कोल्हापूरकडे उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागे भरलेल्या ट्रॉल्या जाताना आपण पाहतोच. ओढणारे यंत्र आणि मागचे ओझे यांचे नाते तेथेही हेच आहे. ओझे जोडताना ते ओढले जाईल की नाही, हे सगळेच पाहतात; ते थांबेल की नाही, हे पाहणारे थोडे. पुढे सायकलवरून जाणाऱ्या माणसाला मागच्या चाकांच्या ब्रेकची काहीच कल्पना नसते. त्याने आपल्यावर न विचारता विश्वास टाकलेला असतो. त्या विश्वासाला पात्र ठरणे, हेच ब्रेक सांभाळण्याचे खरे प्रयोजन होय.