निबंधाचा तास

(हीरक महोत्सवानिमित्त माजी विद्यार्थी व पालक यांच्यापुढे केलेल्या भाषणाची संहिता)



या व्याख्यानासाठी विषय निवडण्याची मोकळीक संयोजकांनी मला दिली, तेव्हा मी ‘निबंधाचा तास’ हा विषय सुचविला. समितीतील एकदोघांना तो प्रसंगाच्या मानाने लहान वाटला. पण शाळेच्या इतिहासावर अधिकाराने बोलू शकतील अशी मंडळी येथे पुष्कळ आहेत. मला ज्यातले थोडेफार कळते ते एवढेच, की मुलापुढे कोरी वही ठेवून ‘लिही’ म्हणणे म्हणजे नेमके काय करणे.

आपणांपैकी प्रत्येकाने ‘पावसाळ्यातील एक दिवस’ लिहिलेला आहे, आणि बहुतेकांच्या निबंधात तो पाऊस कोकणात पडलेला आहे. भाताची खाचरे, लाल माती, कौलांवरून गळणाऱ्या पागोळ्या असे सारे साहित्य मार्गदर्शक पुस्तकातून तयार मिळते आणि इंदुरातले मूल ते वहीत उतरवून मोकळे होते. सातवीतल्या एका मुलाला मी विचारले, “ही लाल माती तू कोठे पाहिलीस?” तो म्हणाला, “पुस्तकात.” “मग तुमच्या रस्त्यावरची माती कशी असते?” “काळी असते, सर. चपलेला चिकटते, आणि मग आपण पुढे जातो, चप्पल मागे राहते.” मी म्हटले, हेच लिही. त्याला ते खरे वाटेना. काळी माती, सोयाबीनची शेते, मागे राहिलेली चप्पल हे मराठीत लिहायचे विषय असतात, असे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

माझ्या दृष्टीने बृहन्महाराष्ट्रातील शाळेचा खरा प्रश्न येथे आहे. शुद्धलेखनाची चूक दुरुस्त करता येते. परंतु आपण जगतो ते एका भाषेत, आणि मराठीत लिहायचे ते मात्र दुसऱ्याच कोणाचे जगणे, अशी मुलाची समजूत झाली, तर त्याच्यापुरती मराठी परीक्षेबरोबरच संपते. सणावर लिहा म्हटले की मुले पुण्याच्या मिरवणुकीविषयी लिहीत. रंगपंचमीला राजवाड्यापुढून जाणारी गेर, टँकरमधून उडणारे रंगाचे फवारे, दोन दिवस न निघणारा गुलाबी कान हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेले असूनही वहीत येत नसे. ते वहीत आणणे हे माझ्या तासाचे पहिले काम होते. निबंधाचे तंत्र नंतरचे.

आता तंत्राकडे वळतो. ‘निबंध’ या शब्दात बांधणे आहे. धर्मशास्त्रात जुन्या वचनांची जुळणी करून निर्णय देणाऱ्या ग्रंथांना निबंधच म्हणत. कमलाकरभट्टांचा ‘निर्णयसिंधु’ हा असाच ग्रंथ, १६१२ सालचा, आणि तो लिहिला गेला काशीत, पैठणाहून तेथे गेलेल्या घराण्यात. (महाराष्ट्राबाहेर राहून लिहिण्याची परंपरा आपण समजतो त्याहून जुनी आहे.) उलट फ्रान्समध्ये माँतेन्यने १५८० साली आपल्या लेखनाला जे नाव दिले, त्याचा अर्थ ‘प्रयत्न’, करून पाहणे, असा होतो. म्हणजे एकीकडे बांधणी आणि दुसरीकडे चाचपणी. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली तेव्हा इंग्रजी निबंधकार त्यांच्यापुढे होते आणि संस्कृत वाक्यरचना अंगात भिनलेली होती. सात वर्षांत चौऱ्याऐंशी अंक काढणारा हा गृहस्थ त्या काळातला बराचसा वेळ सरकारी शाळेत मास्तर होता, हे आम्हा शिक्षकांना सुखावणारे आहे. शाळेतला निबंध मात्र बांधणीच शिकवतो, प्रास्ताविक, मुद्दे, समारोप. चाचपणीला त्यात जागा उरत नाही. मूल विचार करण्यापूर्वीच समारोपाचे सुभाषित पाठ करून आलेले असते.

म्हणून मी सुभाषितावर काही वर्षे बंदी घातली होती. एका मुलीने पाण्यावरील निबंध ‘पाणी म्हणजे जीवन’ येथून सुरू केला. मी विचारले, तुमच्याकडे नळ किती वाजता येतो? पुढच्या आठवड्यात तिने आणलेल्या परिच्छेदात पहाटे चारला उठणारी आई होती, एक दिवसाआड येणारे नर्मदेचे पाणी होते, आणि पाहुणे आले की कळशी लपवून ठेवणारी आजी होती. शेवटी तिने स्वतःच लिहिले होते, की जी वस्तू मोजून मिळते तिच्यामुळे माणसाचा स्वभावही मोजून वागू लागतो. सुभाषितच ते, पण आता तिचे स्वतःचे, कमावलेले.

वर्गात मी तिला सांगितले, की तू नकळत अर्थान्तरन्यास केलास. विशेष उदाहरणावरून सामान्य सिद्धान्त, किंवा सामान्य विधानाला विशेषाचा आधार, हे त्याचे स्वरूप. आपण हा अलंकार कवितेच्या ओळीखाली नाव लिहून दोन गुण मिळविण्यासाठी शिकतो. तो विचार करण्याचा एक मार्ग आहे हे शिकवायचे राहून जाते. अलंकारांच्या बाबतीत आपल्या अभ्यासक्रमाने केलेला हा मोठा अन्याय आहे, असे मी पुष्कळदा म्हटले आहे आणि आजही म्हणतो. अलंकार ओळखायला लावतात, वापरायला लावत नाहीत. गंमत अशी, की ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ लिहिताना प्रत्येक मूल चार पानांची चेतनगुणोक्ती करीत असते, आणि त्याच आठवड्याच्या चाचणीत चेतनगुणोक्तीची व्याख्या चुकवते.

दृष्टान्ताचेही तसेच. चक्रधरस्वामींचे दृष्टान्त केशिराजांनी ‘दृष्टान्तपाठा’त एकत्र केले. तेथील रचना तीन पायऱ्यांची आहे. आधी सूत्र, मग दृष्टान्त, आणि शेवटी दार्ष्टान्तिक, म्हणजे गोष्टीतील कोणता भाग मूळ मुद्द्याला कसा लागू पडतो त्याचा उलगडा. आमच्या मुलांच्या निबंधात गोष्ट येते, मुद्दाही येतो, दोहोंना जोडणारी तिसरी पायरी तेवढी येत नाही. शिवाजी महाराजांची एखादी कथा सांगून झाली की एकदम ‘म्हणून आपण वेळेचे महत्त्व ओळखले पाहिजे’. मध्ये खिंड आहे, तिच्यावर पूल नाही. मी समासात ‘पूल?’ एवढेच लिहीत असे. माजी विद्यार्थ्यांपैकी काही जण आत्ता हसले, त्यावरून तो शब्द अजून त्यांच्या स्मरणात असावा.

पूल बांधण्यासाठी मी नववीच्या वर्गाला न्यायशास्त्रातील पंचावयव वाक्य शिकवीत असे. डोंगरावर अग्नी आहे, ही प्रतिज्ञा. कारण तेथे धूर दिसतो, हा हेतू. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात, हे उदाहरण. तसाच धूर या डोंगरावर आहे, हा उपनय. म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे निगमन. पाच वाक्यांचा परिच्छेद झाला. निगमनात शब्द प्रतिज्ञेचेच असतात, पण दोहोंमध्ये वाचक तीन पायऱ्या चढून आलेला असतो. मुलांना हे आवडे, विशेषतः उदाहरण खोटे पाडण्याचा भाग. ‘जेथे गर्दी तेथे चांगली वस्तू, जसे सराफ्यातील खाऊचे दुकान’ असे एकाने लिहिले, तेव्हा दुसऱ्याने लगेच शिधावाटप दुकानापुढची रांग पुढे केली.

याहून अवघड गोष्ट पूर्वपक्षाची. ‘विज्ञान : शाप की वरदान’ हा विषय वर्षानुवर्षे दिला जातो आणि मुले दीड पान शाप, दीड पान वरदान लिहून ‘अति तेथे माती’वर येऊन थांबतात. निर्णय कोणीच घेत नाही. मीमांसकांनी प्रत्येक वादस्थळाचे टप्पे ठरवून दिले आहेत : विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष, निर्णय. यांतला पूर्वपक्ष प्रतिपक्षाने मांडला असता तितक्याच ताकदीने मांडायचा असतो. कमकुवत पूर्वपक्ष खोडून काढणे हे लेखकाला कमीपणा आणणारे आहे. १८८८ मध्ये आगरकरांनी ‘सुधारक’ काढला तेव्हा बहुसंख्य समाज त्यांच्या विरुद्ध होता. अशा लेखकाला प्रतिपक्षाचे म्हणणे टाळून चालत नाही, ते समोर घेऊनच पुढे जावे लागते. वर्गात मी मुलांना त्यांना न पटणारी बाजू लिहायला सांगे आणि ती बाजू खरोखर मानणाऱ्या मुलाकडून तपासून घेई. ‘माझे म्हणणे याने माझ्यापेक्षा चांगले लिहिले’ असा शेरा एका वहीवर मिळाला होता. त्या वहीला मी दिलेले गुण आठवत नाहीत, शेरा आठवतो.

व्याजस्तुती, उपहास, वक्रोक्ती ही साधने मी उशिरा, दहावीत, आणि सावधपणे देत असे. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती उपहास पडला की तो प्रथम शेजाऱ्यावरच चालवतो. म्हणून आधी शिवराम महादेव परांजपे यांचे उदाहरण सांगत असे. १८९८ मध्ये सुरू झालेल्या ‘काळ’ पत्रात परांजप्यांनी वक्रोक्ती वापरली, कारण सरळ बोलणे हा अपराध ठरत होता. तरीही १९०८ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना तुरुंगवास घडलाच. उपहास बलवानाकडे तोंड करून असतो, दुबळ्याकडे वळला की ती केवळ चेष्टा होते, एवढे मुलांना कळले की पुरे.

‘चेष्टा’ शब्द आलाच आहे, तर आपल्या घरची एक गोष्ट सांगतो. ‘मी अभ्यास करण्याची खूप चेष्टा केली’, ‘माझी शिक्षा याच शाळेत झाली’, ‘रस्त्यावर फार यातायात होती’, ही वाक्ये मी शेकड्यांनी वाचली आहेत. तिन्ही हिंदीत निर्दोष, मराठीत विनोदी. (शिक्षेबद्दलचे विधान मराठी अर्थानेही खरे असण्याचा संभव मी नाकारीत नाही.) काही पालकांना ही हिंदीची बाधा वाटते. मला तसे वाटत नाही. एकच शब्द दोन भाषांत दोन वाटांनी गेला आहे हे ज्या मुलाला दहाव्या वर्षी कळते, त्याला शब्द निवडून वापरायचा असतो हे वेगळे शिकवावे लागत नाही. याच माळव्यात मुक्तिबोधांच्या घरातील गजानन माधव हिंदीतील मोठे कवी झाले आणि त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी आणि समीक्षक म्हणून नावाजले गेले. एका घरात दोन भाषा सुखाने नांदल्या, दोघांनीही आपापली भाषा निवडून, जाणून वापरली.

पालकहो, आपला नेहमीचा प्रश्न मला ठाऊक आहे. पुढे सारे शिक्षण इंग्रजीत, नोकरीतला व्यवहार हिंदीत, मग मराठी निबंधावर इतके तास कशाला? याचा पूर्वपक्ष बळकट आहे, आणि तो मी हलका करून सांगणार नाही. दहावीनंतर मराठीत सलग चार पाने लिहिण्याचा प्रसंग आपल्या बहुतेक मुलांवर येणार नाही, हे खरेच आहे. पण हेतूपासून निगमनापर्यंत जाणे, उदाहरण खोटे पडते का ते पाहणे, न पटणारे म्हणणे नीट मांडणे, या गोष्टी मूल ज्या भाषेत आईशी भांडते त्या भाषेत सर्वांत लवकर शिकते. दुसऱ्या भाषेत जाताना शब्द बदलावे लागतात, ही सवय बदलावी लागत नाही.

घरी आपण एक करू शकता. मुलाचा निबंध हाती आला की ऱ्हस्वदीर्घ पाहण्याआधी तो त्याला मोठ्याने वाचायला सांगा आणि मध्येच थांबवून विचारा, “हे तू कोठे पाहिलेस?” उत्तर ‘पुस्तकात’ असे आले, तर ती ओळ त्याला खोडू द्या आणि खिडकीपाशी बसवा. वेळ लागेल. त्या दिवशी वही अर्धीच भरेल, आणि दुसऱ्या दिवशी ती तशीच अर्धी घेऊन येण्याची परवानगी शाळेने त्याला द्यावी, अशी माझी मुख्याध्यापिका बाईंना या व्यासपीठावरून विनंती आहे.