स्प्रिंग किती ताठ असावी?



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत मोटारीच्या स्प्रिंगांवर बोलण्यास उभे राहताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. या व्यासपीठाला संतवाङ्मय आणि नाट्यसंगीत अधिक शोभते. परंतु आपल्यापैकी काही कुटुंबे या नगरीत आली तीच मुळी येथील मोटारधंद्यामुळे, आणि त्यांची मुले आज अभियांत्रिकी महाविद्यालयांत शर्यतीच्या गाड्या स्वतः बांधीत आहेत. त्यांच्याच आग्रहावरून हा विषय घेतला आहे.

मद्रासला या छंदाची जुनी परंपरा आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब 1953 साली स्थापन झाला. दुसऱ्या महायुद्धातील शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत, आणि हेरल्ड किंवा फियाट यांच्या सुट्या भागांतून घरच्या शेडमध्ये उभ्या केलेल्या गाड्या तेथे धावत. पुढे 1990 साली इरुंगाट्टुकोट्टई येथे शर्यतींसाठी स्वतंत्र मार्ग झाला. आपल्या महाराष्ट्रातही इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी 1949 साली 'मीरा' या छोट्या मोटारीचा पहिला नमुना सिद्ध केला होता. त्या मोटारीचे उत्पादन कधी सुरू होऊ शकले नाही. पण एक माणूस आपल्या गावी बसून मोटार घडवू शकतो, एवढे तिने दाखवून दिले.

त्याच वेडापायी 1993 च्या सुमारास आम्ही तिघा मित्रांनी जुन्या हेरल्डचे भाग जमवून दोन आसनांची एक हलकी गाडी बांधली. इंजिन सुरू झाले त्या दिवशी पेढे वाटले. स्प्रिंगांचा विचार मात्र कोणीच केला नव्हता. हेरल्डच्याच स्प्रिंगा बसविल्या. त्या अधिक वजनाच्या गाडीसाठी घडविलेल्या. आमची गाडी त्यांवर उंच उभी राहिली आणि लहानशा उंचवट्यावरही तिची पुढची चाके जमीन सोडू लागली. चाक जमिनीला टेकलेले नसेल तर ब्रेकही नाही आणि वळणही नाही. 'स्प्रिंग जितकी ताठ तितकी गाडी चपळ' हा समज तेथेच गळाला.

मग हिशोब मांडला. एका तांदूळ व्यापाऱ्याकडून वजनकाटे आणले. टाकीत पेट्रोल भरून, चालकास आसनावर बसवून चारही चाकांखालचे वजन घेतले. चाक, ब्रेक वगैरे स्प्रिंगेखालचा भार वजा जाता पुढच्या प्रत्येक चाकावर 130 किलो आले. घरगुती मोटारीची पुढची बाजू दाबून सोडली तर ती साधारणतः मिनिटाला 60 ते 80 हेलकाव्यांच्या चालीने डोलू पाहते; शॉक अॅब्सॉर्बर ते डोलणे आवरतो, पण भार पेलतो तो स्प्रिंगच. खेळाच्या गाडीला आम्ही 90 ही संख्या धरली. तिच्यासाठी स्थिर भाराखाली चाकाची बैठक 11 सेंटीमीटर यावी लागते. म्हणजे चाकापाशी दर सेंटीमीटरला सुमारे 11.8 किलो इतका ताठपणा हवा.

आता आमची चूक ऐका. स्प्रिंग चाकावर नसते, ती आतल्या दांडीवर असते. आमच्या मांडणीत चाक 10 सेंटीमीटर वर गेले की स्प्रिंग 7 सेंटीमीटर दबे. आम्ही 11.8 ला 0.7 ने एकदाच भागले आणि 17 किलोची स्प्रिंग वळवून आणली. वास्तविक भागायचे होते दोनदा: दांडीमुळे स्प्रिंगेचा जोर चाकाशी कमी पोचतो, आणि ती दबतेही कमी. खरे उत्तर 24 किलो होते.

ही चूक कागदावर एका भागाकाराची. इरुंगाट्टुकोट्टईला सरळ मार्गाच्या शेवटी आमच्या मित्राने जोराने ब्रेक दाबला. नाक खाली गेले, स्प्रिंगेचा प्रवास संपला, सांगाडा रबरी ठोकळ्यावर आदळला, आणि पुढची चाके घसरून गाडी वळणाऐवजी थेट गवतात गेली. मित्राच्या कोपराला खरचटले, इतकेच. पण त्या संध्याकाळी त्याच्या आईसमोर उभे राहणे आम्हां दोघांस जड गेले.

तरुणांनी आणखी दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात. स्प्रिंगेच्या तारेची जाडी फार प्रभावी असते: 10 मिलिमीटरची तार 11 केली, बाकी सर्व तसेच ठेवले, तरी ताठपणा सुमारे 46 टक्क्यांनी वाढतो. आमची अखेरची स्प्रिंग 10 मिलिमीटर तारेची, 80 मिलिमीटर मध्यव्यासाची, आठ कार्यरत वेढ्यांची होती. दुसरे, गाडी खाली बसावी म्हणून गॅरेजात वेढा कापण्याची पद्धत आहे. आठाचे सात वेढे झाले की स्प्रिंग 14 टक्के अधिक ताठ होते आणि तिचा प्रवास घटतो, हे कापणारा सहसा सांगत नाही. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद डोलेल अशी ठेवावी. खड्डा मागच्या चाकांना उशिरा लागतो, आणि त्यामुळे गाडीचे पुढेमागे झुलणे लवकर शमते.

घरी बांधलेली गाडी नोंदणीवाचून सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही, ती शर्यतीच्या मार्गावरच चालवावी, हेही आवर्जून सांगतो.

स्प्रिंग दुसऱ्याच्या गाडीची पाहून निवडू नये. आपला भार स्वतः तोलावा, आपला रस्ता पाहावा, आणि हिशोब दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. त्या वेळी आमच्या वहीवर दुसऱ्या कोणाची नजर फिरली असती तर तो वर्ग राहून गेला नसता. आज मंडळात अशी नजर असलेले अनेक अभियंते आहेत; मुलांनी आपल्या वह्या घेऊन त्यांच्याकडे निःसंकोच जावे. आम्हीही त्यांतलेच एक समजावे.