दिलेला शब्द : बोस्नियाच्या शेवटच्या राजाची हकीकत



युरोपातील बोस्निया देशाचे नाव निघाले की आपल्या समाजाला आपुलकी वाटते, कारण तेथे मुसलमानांची मोठी वस्ती आहे. तुर्कांच्या पूर्वी मात्र तेथे ख्रिस्ती राजे राज्य करीत. त्यांतील शेवटच्या राजघराण्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

राजा तोमाश १४४३ साली गादीवर आला. त्याची पत्नी वोयाचा सामान्य कुळातली. वुक्चिच नावाच्या बलाढ्य सरदाराशी सोयरीक व्हावी म्हणून तोमाशने पोपकडून तो विवाह रद्द करवून घेतला आणि १४४६ साली सरदाराची मुलगी कातारिना हिच्याशी लग्न केले. सोयरीक झाली, पण सलोखा टिकला नाही. सासरा आणि जावई पुढे पुन्हा लढलेच!

वोयाचाचा मुलगा स्त्येपान याचे लग्न १४५९ साली सर्बियाच्या राजघराण्यात झाले. त्या सोयरिकीने स्मेदेरेव्होचा किल्ला हाती आला. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये तो तुर्कांनी घेतला. १४६१ साली बाप वारला. स्त्येपानने सावत्र आई कातारिना हिच्याशी समेट केला, पोपने पाठविलेला मुकुट धारण केला आणि पुढे सुलतानाची खंडणी बंद केली. पोप आणि हंगेरीचा राजा मदतीला येतील, हा त्याचा भरवसा. वेळेवर कोणीच आले नाही.

१४६३ च्या मे महिन्यात सुलतान मुहम्मद फातेह बोस्नियावर चालून आला. राजा क्ल्यूचच्या किल्ल्यात अडकला. वजीर महमूद पाशाने त्याला जीवदानाचे लेखी वचन दिले. त्यावर विश्वास ठेवून राजा शरण आला आणि त्याच्या हुकुमावरून इतर किल्लेदारांनीही दरवाजे उघडले. पुढे सुलतानाच्या पदरी असलेल्या एका विद्वानाने, हे वचन सुलतानावर बंधनकारक नाही, असा निर्णय दिला. राजाचा शिरच्छेद झाला.

मित्रहो, फातेह आपला, म्हणून हे पान आपण उलटून टाकावे काय? मला तसे वाटत नाही. वचन पाळण्याची आज्ञा कुरआनात पुन्हा पुन्हा आली आहे. ती विजेत्यालाही लागू आहे. त्याच मोहिमेत सुलतानाने ख्रिस्ती साधूंना अभय दिल्याचे सांगणारे फर्मान फोयनित्सा गावच्या मठात आजही जपून ठेवलेले आहे. तो मठही उभा आहे. एक वचन मोडले गेले, दुसऱ्याची आठवण अन्य धर्मीयांनी पाच शतके सांभाळली. मान कशाला मिळतो, हे आपणच ठरवा.

त्या घराचे पुढे काय झाले? कातारिना रोमला गेली आणि १४७८ साली तेथेच वारली. तिची दोन्ही मुले तुर्की मुलखात नेली गेली व मुसलमान झाली. मुलगा इसहाक बेग म्हणून ओळखला गेला. तिचा सावत्र भाऊ अहमद पाशा तर सुलतान बायझिदचा जावई आणि पुढे मुख्य वजीर झाला. बहिणीची कबर रोमच्या चर्चमध्ये, भाऊ तुर्की दरबारात! अशा घराचा इतिहास ‘आपले’ आणि ‘परके’ अशा दोन रकान्यांत कसा मांडणार?

पालकांनो, मुलांना विजयाच्या गोष्टी जरूर सांगा. पण मोडलेल्या शब्दाचीही गोष्ट सांगा. आणि विद्यार्थी मित्रांनो, इतिहास वाचताना कोण जिंकले एवढेच पाहू नका. कोणी शब्द पाळला, तेही पाहा.