कानांनी वाचताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे, फक्त पुनरुक्ती काढली आहे.)



मला विषय दिलाय ‘माझी आवडती पुस्तकं’. आधीच कबूल करते, गेल्या चार वर्षांत मी एकही पुस्तक वाचलेलं नाही. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसतं, पण जिथे नजर लावावी तिथेच डाग. लिफ्टमध्ये तुमचे चेहरे मला दिसत नाहीत, चपला दिसतात. तेव्हा एखाद्या दिवशी ओळख दिली नाही तर राग मानू नका, चप्पल नवीन असेल.

एकतीस वर्षं बँकेत आकडे तपासले आणि रिटायर झाल्यावर वाचायचं म्हणून कपाटभर पुस्तकं जमवली. ती तशीच राहिली. नातीने फोनमध्ये ऑडिओबुकचं ॲप घालून दिलं. सुरुवातीला मला त्याचा रागच आला. आंधळ्याच्या हातात काठी द्यावी तसं वाटलं. नंतर कळलं की ही खरोखर तशीच काठी म्हणून सुरू झालेली गोष्ट आहे. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ काढला आणि पुढच्याच वर्षी त्याचे उपयोग लिहिताना अंधांसाठी बोलकी पुस्तकं हा एक उपयोग सांगितला. पण तेव्हाच्या नळकांड्यावर मिनिटं मावायची ती किती! 1935 साली इंग्लंडमध्ये अंधांसाठी बोलकी पुस्तकं निघाली, तीही एका बाजूला साधारण पंचवीस मिनिटं वाजणाऱ्या तबकड्यांवर. पहिल्या महायुद्धात डोळे गमावलेले सैनिक त्यामागे होते. म्हणजे एका कादंबरीला तबकड्यांची चळत लागायची. आज तीच चळत माझ्या कनवटीला असते.

आणि आपल्याला ऐकून शिकणं नवं कुठे आहे? माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण चातुर्मासात पोथी ऐकून ऐकून हरिविजय तिला आमच्यापेक्षा जास्त यायचा. चुकीचं वाचलं की डोळे मिटलेल्या अवस्थेत हटकायची.

कथा-कादंबऱ्या मी ऐकते, पण आज बोलणार आहे ती खऱ्या गोष्टींच्या पुस्तकांबद्दल. मजा अशी की ही पुस्तकं लांबच्या मुलखांची निघाली आणि येऊन बसली आपल्या जिन्यात.

ट्रेव्हर नोआचं ‘बॉर्न अ क्राइम’ घ्या. 1984 साली दक्षिण आफ्रिकेत जन्मलेला मुलगा, आई काळी, बाप गोरा स्विस. तिथल्या कायद्याने असा संबंधच गुन्हा, म्हणून मुलाचा जन्म हाच गुन्ह्याचा पुरावा. हे पुस्तक त्याने स्वतः वाचलंय. रस्त्यात मागून चाललेली पोरं झुलू भाषेत त्याला लुटायचा बेत करत असतात आणि हा वळून झुलूतच त्यांच्याशी बोलतो. क्षणात तो ‘त्यांच्यातला’ होतो. कागदावर हा प्रसंग मजेदार वाटला असता. कानात त्याचा आवाज बदलतो, भाषा बदलते, आणि माणूस आपला की परका हे किती पटकन ठरतं ते अंगावर येतं. इंग्रजी मला झेपेल का अशी धास्ती होती. वेग थोडा कमी करता येतो, हे नातीने दाखवलं. आता पाऊण वेगाने मी कुठल्याही देशात जाऊन येते.

हरारींचं ‘सेपियन्स’ही ऐकलं, पंधरा तास. छान आहे, पण एक सांगते. चांगल्या आवाजात कुणी ठामपणे सांगू लागलं की आपण मान डोलवत राहतो. छापील पुस्तकात बोट ठेवून थांबता येतं, मागची टीप काढून बघता येते. इथे टीप नसते आणि पोळ्या लाटताना थांबवणार कोण? आकड्यांचे तक्ते तर ऐकताना पार सांडून जातात. हे या प्रकाराचं न्यून आहे, ते मान्य करायला हवं.

मग कॅरोलिन क्रियाडो पेरेझचं ‘इनव्हिजिबल विमेन’, 2019 चं, लेखिकेच्याच आवाजात. स्वीडनमध्ये कार्ल्सकोगा नावाचं गाव आहे. तिथे बर्फ पडला की आधी मोठे रस्ते साफ करायचे, पदपथ शेवटी. कुणी मुद्दाम केलेलं नाही, पण मोटारीने कामावर जाणारे जास्त करून पुरुष, आणि पायी किंवा बाबागाडी ढकलत जाणाऱ्या जास्त करून बायका. बर्फावर घसरून पडणाऱ्यांतही बायकाच जास्त. मग त्यांनी क्रम उलटा केला. गाडी थोड्याशा बर्फातून जाते, बाबागाडी जात नाही. खर्चही वाढला नाही.

मी हे ऐकलं तेव्हा बाल्कनीत बसले होते आणि खाली आपल्या पार्किंगचं काँक्रिटीकरण चाललं होतं. गेटपासून ए विंगपर्यंत पायी यायच्या वाटेवरचे पेव्हर ब्लॉक मात्र दोन पावसाळे उखडलेले. त्यावर आपल्याकडच्या दोन आजी पडल्या, एकीचं मनगट मोडलं. तो ठराव करणाऱ्या सभेत मीही हात वर केला होता. दुसऱ्या दिवशी कमिटीला पत्र दिलं. ब्लॉक बसले. आठ महिन्यांनी का होईना, बसले.

आता जिन्याबद्दल. हे सांगावं की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला.

2012 साली मी सेक्रेटरी होते. त्या वेळी लिफ्टशेजारी एक पाटी लागली: घरकाम करणाऱ्या व्यक्ती, डिलिव्हरी व सामान यांसाठी मागील लिफ्ट वापरावी. मसुदा माझा. बँकेची सवय, भाषा चोख. माणसं आणि सामान एका ओळीत बसवलंय, हे तेव्हा माझ्याच लक्षात आलं नाही, आणि सभेत कुणाच्याही नाही. मागची लिफ्ट महिन्यातले दहा दिवस बंद असते हे आपण सगळे जाणतो.

आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींसाठी म्हणून मी मराठी पुस्तक लावलं, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. खोटं कशाला बोलू, इंग्रजीचा त्यांना कंटाळा आला होता आणि त्यांनी तसं सांगितलं. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचं सोवळं ऐकताना आम्ही दोघी हसून बेजार. बाहेरची वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही! पुढे 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा मावशींच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. त्या वेळेआधी येऊ लागल्या, “काल कुठं थांबलं होतं?” म्हणून विचारू लागल्या. त्याच सोवळ्यात वाढलेली लक्ष्मीबाई हळूहळू, स्वतःशी भांडत, कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार होते, तो भाग आला. त्या दिवशी मावशी उशिरा आल्या. धापा टाकत, गुडघा धरून. मी भाग लावून बसले होते.

“सुरू केलं व्हय? मागची लिफ्ट बंद हाय. सात मजले चढून आले.”

“अहो, मग पुढच्या लिफ्टने यायचं ना!”

“पाटी हाय ना वहिनी.” एवढंच म्हणाल्या. पाटी कुणाची हे त्यांना माहीत होतं. मला आठवायला वेळ लागला.

फोनमध्ये लक्ष्मीबाई बोलतच होत्या. मी बंद केलं.

वार्षिक सभेत मी पाटी काढायचा ठराव मांडला. पहिल्या वर्षी तो पुढे ढकलला गेला. सकाळी शाळेच्या वेळी गर्दी होते, सुरक्षा आहे, अशी कारणं आली. त्यातली काही खरी होती. दुसऱ्या वर्षी काठावरच्या बहुमताने झाला. विरोधात मत देणारे दोघं आज समोर बसले आहेत, त्यांच्याशी माझा चहा सुरू आहे.

त्या मधल्या वर्षात मी इझाबेल विल्करसनचं ‘कास्ट’ ऐकलं, 2020 चं, चौदा तासांहून जास्त. अमेरिकेतल्या वर्णभेदाला ती जातच म्हणते आणि भारत व नाझी जर्मनी यांच्याशी ताडून बघते. 1959 साली मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले असताना त्रिवेंद्रमच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख ‘अमेरिकेतले एक अस्पृश्य’ अशी करून दिली. ते आधी दुखावले, मग त्यांना पटलं. बाबासाहेब ज्यांनी मुळातून वाचलेत त्यांना तिचा भारताचा भाग थोडका वाटेल, मलाही वाटला. पण देशाला ती जुन्या घराची उपमा देते. पाया आपण घातलेला नाही, भेग आपण पाडलेली नाही, पण आज राहतोय आपण, तेव्हा गळती आपल्याच डोक्यावर. जुन्या इमारतीचं ठरावीक काळाने स्ट्रक्चरल ऑडिट करावं लागतं, यावर आपल्या सभेत किती वेळा वाद झालाय! त्या बाईने आपलं इतिवृत्त वाचलंय की काय, असं मला वाटलं.

असो. वेळ झाली, चिठ्ठी आली आहे.

दर गुरुवारी दुपारी चार वाजता सोसायटी ऑफिसात आम्ही सात-आठ जण एकत्र ऐकतो. अर्धा तास ऐकायचं, मग भांडायचं. मावशीही येतात, काम आटोपलं तर. ‘स्मृतिचित्रे’चा शेवटचा भाग अजून राहिलाय, आणि त्यांनी बजावलंय की त्यांच्याशिवाय लावायचा नाही. तुम्हीही या. येताना उशी आणा, खुर्च्या लोखंडी आहेत.